अक्षर अजून तसंच

ता. ४ फेब्रुवारी
सकाळ, ऑफिसला निघण्याआधी

ती. ताईस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. त्याबद्दल काय बोलायचं ते आधी बोलून घे, मी थांबतो. झालं? आता पुढे वाच.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याला तेल लागू पडलं हे वाचून बरं वाटलं. आणि अक्षर, ताई, अजून तसंच आहे तुझं. शाळेत फळ्यावर लिहायचीस तसं टपोरं, एकाखाली एक. माझं बघ, कोंबडीचे पाय. हे पेनही ऑफिसातलं जाड आहे. बारीक पेन कुठे ठेवलंय ते सापडत नाही, त्यामुळे एका पानात चार ओळी मावतायत. कागद वाया घालवतोय म्हणून ओरडू नकोस.

तब्येत उत्तम. वेळेवर जेवतो. तुझी भावजय गेल्यापासून स्वयंपाकात मी बराच सुधारलोय. परवा शेजारी जिन्यात भेटले. म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं पेपरात आहात, पण तुमचं नाव कधी छापून येत नाही." मी म्हटलं, "उपसंपादकाचं नाव छापून आलं तर समजा काहीतरी घोळ झालाय." ते बिचारे हसावं की नाही या विचारात वर निघून गेले.

डेस्कवर एक नवी मुलगी आली आहे. तिला सगळे शंका म्हणतात, कारण दर ओळीला ती हात वर करते. सर, हा अधिकारी गेल्या महिन्यात बदलून गेला ना? सर, सात अधिक चार जखमी म्हणजे अकरा, मग मथळ्यात बारा कसे? बाकीच्यांना ती डोकेदुखी वाटते, मला मात्र खूप आवडते. या कामाला शंकाच लागते. बातमीदार धावतपळत लिहितो, त्याच्या डोक्यात सगळं असतं आणि कागदावर निम्मंच उतरतं. उरलेलं निम्मं कुठे राहिलं ते आपण विचारायचं. नाव, गाव, वय, आकडा पुन्हा तपासायचा. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही फोन केलाय का, ते बघायचं. मरणाच्या बातमीत विशेषणं लावायची नाहीत. आणि जागा कमी पडली की खालून कापायचं, कारण चांगल्या बातमीत मुख्य ते पहिल्याच वाक्यात येतं. हे सगळं मी तिला शिकवतो. तुला पूर्वी इतक्यांदा ऐकवलंय की तूही एखादं पान लावशील.

शिकवायची माझी जुनी युक्ती तुला आठवते का? कॉपीत, म्हणजे बातमीच्या मजकुरात, मुद्दाम एक चूक पेरून ठेवायची. वरच्या परिच्छेदात मेलेला माणूस खाली पत्रकारांशी बोलताना दाखवायचा. बहुतेक पोरं पहिल्या वेळी फसतात. शंकाने मेलेला माणूस तोंड उघडायच्या आत धरला.

हल्ली एक नवीन पद्धत काढली आहे. सगळी कॉपी तिला मोठ्याने वाचायला लावतो. डोळ्याला सुटतं ते कानाला खटकतं, असं मी सगळ्यांना सांगितलंय. मुख्य उपसंपादकांना ही कल्पना इतकी पसंत पडली की आता दुसऱ्या डेस्कवरही वाचन चालू झालंय. दुपारी आमचा विभाग म्हणजे पहिलीचा वर्ग होतो. तू असतीस तर छडी घेऊन मधून फिरली असतीस.

मिस्त्रीशी मात्र भांडण झालं. मिस्त्री म्हणजे आमचा पानं लावणारा. फरशा बसवाव्यात तशा बातम्या बसवतो म्हणून ते नाव. त्याने पान दाखवायला आणलं तर दोन कॉलमांमधली रेघ चक्क वाकडी. मध्येच पोट सुटलेली. मी म्हटलं, "मिस्त्री, ही रेघ आहे की नदी?" तो म्हणाला, "सर, सरळ आहे." मी चारचौघांत झापला त्याला. तो पान घेऊन गेला आणि थोड्या वेळाने परत आणलं. "केली सरळ," म्हणाला. मग ठीक दिसली.

अरे हो, तू चष्मा शेवटचा कधी बदललास? तुझ्या खिडकीचे गज तुला सरळ दिसतात ना? एक डोळा झाकून बघ, मग दुसरा. हसू नकोस. आरोग्याच्या पुरवणीत एक लेख होता, तो माझ्याकडे आला होता, म्हणून आपलं विचारलं. आईला सुरुवातीला दाराची चौकट वाकडी दिसायची आणि आपण सुताराला बोलावलं होतं, ते आठवलं. सुतार बिचारा ओळंबा लावून लावून दमला.

मागे आलो होतो तेव्हा तू चांगली दिसत होतीस. जरा बारीक झालीस एवढंच. खात जा.

बाकी विशेष काही नाही.

तुझा
धाकटा


ता. २० मार्च

ती. ताई,

तुझं उत्तर आलं. "गज सरळ आहेत, तुझंच काहीतरी वाकडं दिसतंय," असं लिहिलंस. तू चेष्टेत लिहिलं असशील. मी ते वाक्य भिंग धरून, एकेक अक्षर जुळवत वाचलं, आणि भिंग ठेवून हे पत्र लिहायला घेतलं.

मुख्य ते पहिल्या वाक्यात सांगायचं, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं. मागच्या पत्रात मिस्त्री आला, शेजारी आले, सुतार आला, पण ते वाक्य काही आलं नाही. आता लिहितो. माझे डोळे आईसारखे चाललेत. दोन्ही. मधोमध एक डाग आहे आणि मी जिकडे बघेन तिकडे तो आधी जाऊन बसतो. शब्दाकडे बघितलं की शब्द जातो, आजूबाजूचे राहतात. कडेकडेने दिसतं, म्हणजे आंधळा वगैरे झालो नाही, घरात नीट फिरतो, रस्ता कळतो. वाचता येत नाही एवढंच. एवढंच म्हणतोय, पण ताई, मला दुसरं काय येतं?

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी चौकटी चौकटींचा कागद समोर धरला आणि विचारलं, रेघा कशा दिसतात? मी म्हटलं, मधल्या मिस्त्रीने लावल्यात. त्यांना काही कळलं नाही. मिस्त्रीने त्या दिवशी काय केलं होतं ते मला नंतर समजलं. त्याने रेघेला हातसुद्धा लावला नव्हता. बाहेर जाऊन पाणी पिऊन आला आणि तेच पान पुन्हा माझ्यापुढे धरलं. मी म्हणालो, "आता बघ कशी दिसते." त्याने मान डोलावली होती म्हणे. ऑफिसात कुणाला बोलला नाही, फक्त शंकाला बोलला.

आणि शंकाने काय केलं ते ऐक. मला काही दिवसांपासून वाटत होतं की माझ्या पानांवरून कुणीतरी माझ्यामागे हात फिरवतंय. आमच्याकडे पान बघून झालं की खालच्या कोपऱ्यात सही करायची असते. ज्याची सही त्याची जबाबदारी. माझी सही झालेल्या पानाला पुन्हा कुणी हात लावत नाही, हा माझा मान होता. म्हणून मी जुनीच युक्ती केली. पुलाच्या बातमीत चूक पेरली. पूल पाच वर्षांपूर्वी खुला झाला असं वर ठेवलं आणि खाली त्याचं काम तीन वर्षांपूर्वी सुरू झालं असं केलं. सही केली, पान सोडलं. दुसऱ्या दिवशी शंकाला म्हटलं, छापलेलं पान मोठ्याने वाच, कानाला कसं लागतं ते बघू.

तिने पुलाची बातमी वाचली. चूक दुरुस्त झालेली होती. मला आधी राग आला, खरं सांगतो. ती पुढे वाचत गेली आणि विहिरीतल्या अपघाताच्या बातमीवर आली. दोघे भाऊ विहिरीत उतरले, थोरला वायूने गुदमरून गेला, धाकट्याला लोकांनी वर काढला. मी तिला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. कारण माझ्या डोक्यात धाकटा गेला होता. मथळ्यात, खाली, सगळीकडे मी धाकट्याला मारलं होतं. बातमीदाराने बरोबर लिहिलं होतं. ती कॉपी मी एकट्यानेच हाताळली होती, शंका तेव्हा जेवायला गेली होती. मला दोन नावांपैकी नीट एकच दिसलं आणि ते मी मेलेल्याच्या जागी बसवलं. ही चूक मी पेरली नव्हती.

मी विचारलं, "कधी बदललंस?"

"तुम्ही सही केल्यावर, सर."

"कधीपासून चाललंय हे?"

ती म्हणाली, "मिस्त्रीकाकांना ओरडलात ना, त्या दिवसापासून." मग म्हणाली, "सर, तुम्हीच सांगितलंय, चूक दिसली की आधी दुरुस्त करायची, कुणाची ते नंतर बघायचं." आणि रडायला लागली. मी तिला रुमाल द्यायला गेलो तर तो भलतीकडेच धरला, मग दोघांनाही हसू आलं.

पण ताई, तो धाकटा. सकाळी त्याची आई पेपर उघडते, घरात एक गेलाय आणि पेपर म्हणतो दुसरा गेला. त्या जिवंत पोरालाच स्वतःच्या मरणाची बातमी हातात घेऊन बसावं लागलं असतं. शंका नसती तर ते झालंच होतं. मी त्याच दिवशी संपादकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, राहा, तुम्हाला वाचायचं काम देणार नाही. मी विचारलं, मग काय देणार? महिनाअखेर मी डेस्क सोडतोय.

तुला आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात उभी राहिली असतीस. आईचं सगळं तूच केलंस. लग्न नको म्हणालीस, बदली नाकारलीस. आईला रोज पेपर वाचून दाखवायचीस आणि ती दर पानाला विचारायची, यातली धाकट्याची कुठली? नाव तर कुठेच नसायचं. मग तू त्यातला बरा मथळा निवडायचीस आणि म्हणायचीस, ही धाकट्याची. कितीदा तरी ती बातमी दुसऱ्याची असायची, मी सुट्टीवर असायचो. आई ती पुन्हा वाचून घ्यायची. एकदा तू आईचं केलंस, आता पुन्हा माझं, हे मला नको होतं. तुझे गुडघे तुझ्यापाशीच राहू देत.

एक राहिलं, आणि तेच खरं महत्त्वाचं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे घराण्यात उतरतं आणि वेळेवर कळलं तर काहींचं थांबवता येतं. माझं थांबवायची वेळ मी मिस्त्रीशी भांडण्यात घालवली. तू डोळे दाखवून ये. या आठवड्यात. मी जबरदस्तीने सांगतोय. हा परिच्छेद सगळ्यात खाली आलाय, पण ताई, खालून कापू नकोस.

तुझा
धाकटा


ता. २९ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. दोनदा वाचून घेतलं. वाचून घेतलं म्हणतेय ते नीट ऐक, किंवा तुझी शंका हे वाचून दाखवत असेल तर तिला म्हणावं, सावकाश वाच.

हे पत्र मी सांगतेय आणि खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई लिहितायत. याआधीचंही त्यांनीच लिहिलं. गेल्या वर्षभरातलं प्रत्येक पत्र त्यांच्याच हातचं आहे. तू लिहिलंस, ताई, अक्षर अजून तसंच आहे तुझं, फळ्यावर लिहायचीस तसं. बाईंनी ते वाचलं आणि थांबल्या. त्यांचं अक्षर बारीक आहे, उजवीकडे कललेलं, त्या स्वतःच म्हणतात टाके घातल्यासारखं. धाकट्या, कुठल्या बातमीदाराचं अक्षर आहे ते कागद लांबून बघून सांगणारा तू. लहानपणी माझ्या पाटीवर दुसऱ्या मुलीने एक ओळ लिहिली तर आईकडे चहाडी करणारा तू. माझं अख्खं अक्षर बदललं आणि तुला कळलं नाही. तेव्हाच मी समजले. गजांबद्दल विचारलंस तेव्हा राहिलेली खात्रीही पटली. चेष्टा केली ती यासाठी की तू आता तरी चिडून खरं काय ते लिहिशील.

मी डोळे दाखवलेत. तू सांगायच्या खूप आधी. माझंही तेच आहे. डाव्याचं आधी गेलं, मग उजव्याचं. थांबवायची वेळ माझीही टळली होती, कारण मला वाटलं खोलीत उजेड कमी पडतोय आणि मी दिवा बदलत बसले. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू डेस्क सोडून इथे येऊन बसला असतास. ते तुला जमलं नसतं. तू पेपरशिवाय कसा दिसतोस तेच मला माहीत नाही. आपण दोघं एकाच आईची पोरं, लपवायची अक्कलही सारखीच.

आता एक सांगते. बाई म्हणतायत हे नका सांगू, मी म्हटलं लिहा. मागे तू आलास तेव्हा दारात उभा राहिलास आणि मला तुझे बूट दिसले, खांदा दिसला, चेहरा दिसला नाही. मी मान तिरकी केली, कडेने बघायला. तूही मान तिरकी केलेली मला जाणवली, मला वाटलं तू दमलायस. मी म्हणाले, किती छान दिसतोयस. तू म्हणालास, जरा बारीक झालीस. दोन्ही अंदाजाने. धाकट्या, मी बारीक झाले नाही, चांगली सुटलेय. दिवसभर समोरासमोर बसलो, जेवलो, गप्पा मारल्या, आणि दोघांनीही एकमेकांचा चेहरा बघितला नाही. त्याच्या आधीच्या भेटीत मी तुला शेवटचं बघितलं होतं. तेव्हा तुझी दाढी वाढलेली होती आणि त्यावरून मी तुला बोलले होते. तोच चेहरा आता माझ्याकडे आहे. चांगली दाढी करून आला असतास तर काय बिघडलं असतं?

(मी शिवणवाली. ताई म्हणतायत, मी रडत नाहीये असं लिहा. लिहिलं.)

आईला मी खोटे मथळे सांगायचे ते तुला माहीत होतं, हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. मला वाटायचं फक्त मलाच माहीत आहे. तेव्हा तुझ्या पेपरात तुझं नाव नाही याचा मला राग यायचा. आता बाई मला रोज सकाळी पेपर वाचून दाखवतात आणि मी विचारते, आज धाकट्याच्या पान दोनवर काय आहे? त्यांनी विहिरीची बातमी वाचली होती. एकही विशेषण नव्हतं. मी बाईंना म्हटलं, ही माझ्या भावाची. तू म्हणतोस त्यात तुझी चूक होती आणि ती तुझ्या शंकाने दुरुस्त केली. मग तिला दुरुस्त करायला शिकवलं कुणी? ती बातमी तुझीच. यावर वाद घालू नकोस, मी मोठी आहे.

महिनाअखेर डेस्क सुटलं की इकडे ये. मी पिशवी घेऊन येणार नाही, मला जिना उतरवत नाही. तू ये. बाईंनी सांगितलंय, एकासाठी वाचलं काय आणि दोघांसाठी वाचलं काय, शिवता शिवता वाचीन. त्या चुकीच्या जागी थांबतात आणि जाहिरातीही वाचतात, त्यांना तू शिकव. दुपारी तू ऐक आणि सांग कुठे कापायचं. मी ऐकेन आणि सांगेन की तू चुकतोयस. आई असती तर तिने दोघांनाही बसवून जेवायला वाढलं असतं आणि म्हणाली असती, एकमेकांच्या ताटात बघून काय उपयोग. मला तुझी फार आठवण येते. पूर्वी कधी लिहिलं नव्हतं, आता दुसरीच्या हाताने लिहिताना सोपं जातंय.

शंकाला आणि मिस्त्रीला माझे आशीर्वाद सांग. मिस्त्रीची माफी माग. त्याची रेघ सरळ होती.

खालची सही मात्र माझ्या स्वतःच्या हातची आहे. बाईंनी माझा हात धरून जागा दाखवली, मग मी त्यांना हात सोडायला लावला. ओळ सोडून भलतीकडे गेली असेल तर कुणालाही सरळ करू देऊ नकोस.

तुझी
ताई